अनुभव खरा आहे, पण तो तपासणार कसा?

परदेशात नव्याने आलेल्या इंजिनिअरला, नर्सला किंवा अकाउंटंटला पहिले काही महिने इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं नाही, की बहुतेकांची समजूत होते की आपलं शिक्षण कमी पडतंय. मग तिथली एखादी पदविका करायची, आणखी एक सर्टिफिकेट घ्यायचं, असं सुरू होतं. अर्ज वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. तुमच्या विद्यापीठाचं नाव त्याने ऐकलेलं नसतं. तुमची आधीची कंपनी वीस माणसांची की वीस हजारांची, हे त्याला ठाऊक नसतं. तुमच्या जुन्या साहेबांना फोन करायचा, तर तिकडे मध्यरात्र असते. जो अर्ज दोन मिनिटांत पडताळता येतो तो पुढे सरकतो, आणि ज्याला दोन दिवस लागतील तो बाजूला पडतो.

याचा चांगला अंदाज देणारा एक प्रयोग कॅनडात झाला. अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी टोरांटो भागातल्या जाहिरातींना सहा हजार बनावट रेझ्युमे पाठवले आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. इंग्रजी नाव, कॅनडातलं शिक्षण आणि कॅनडातलाच अनुभव असलेल्या अर्जांना १६ टक्के वेळा बोलावणं आलं. भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नाव आणि परदेशी शिक्षण-अनुभव असेल तर हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यातला फक्त अनुभव बदलून कॅनडातला दाखवला, तेव्हा ते ११ टक्क्यांपर्यंत चढलं. आणि स्थानिक अनुभव चार ते सहा वर्षांचा असेल, तर पदवी तिथली आहे की बाहेरची, याने काही फरक पडला नाही.

१६ आणि ११ यांतल्या फरकात नावामुळे होणारा भेदभाव आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ५ वरून ११ वर जाण्याचा रस्ता अनुभवातून गेला. म्हणून माझं मत ठाम आहे: लायसन्ससाठी लागत नसेल, तर पहिल्या वर्षात नवी पदवी घेऊ नये. तो पैसा आणि वेळ आहे तो अनुभव तपासता येईल अशा रूपात आणण्यावर घालवावा.

सुरुवात एका प्रश्नाने करायची: माझा व्यवसाय या देशात नियंत्रित आहे का? नियंत्रित म्हणजे कायद्याने लायसन्स किंवा नोंदणीशिवाय ते काम करता येत नाही, किंवा ते पदनाम लावता येत नाही. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, वकील जवळजवळ सगळीकडे नियंत्रित असतात. सॉफ्टवेअर, मार्केटिंग, डेटाचं काम बहुधा नसतं. मधल्या व्यवसायांत गोंधळ होतो. अमेरिकेत कारखान्यात काम करणारे बरेच मेकॅनिकल इंजिनिअर लायसन्सशिवाय आयुष्यभर काम करतात, कारण बहुतेक राज्यांच्या कायद्यात उद्योगांना सूट आहे. तिथेच इमारतीच्या नकाशांवर सही-शिक्का मारायचा असेल तर पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स लागतं, आणि ते राज्याराज्याचं वेगळं. कॅनडात लायसन्स प्रांत देतो, आणि लायसन्स नसताना स्वतःला ‘इंजिनिअर’ म्हणवणं हाच बहुतेक प्रांतांत आक्षेपाचा मुद्दा होतो. रेझ्युमेच्या माथ्यावर हा शब्द टाकण्यापूर्वी प्रांताचा नियम वाचा.

इथेच सगळ्यात महागडा गैरसमज होतो. इमिग्रेशनसाठी केलेलं पदवीचं मूल्यांकन म्हणजे लायसन्स नव्हे. कॅनडाचा ईसीए, म्हणजे पदवी मूल्यांकनाचा अहवाल, सांगतो की तुमची पदवी तिथल्या बॅचलरच्या तोडीची आहे. तो इमिग्रेशनसाठी पाच वर्षं चालतो आणि त्याने कुठलंही काम करण्याचा हक्क मिळत नाही. जर्मनीत आनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (H+, म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का, हे आधी पाहायचं. पदवीबद्दल स्वतंत्र कागद हवा असेल तर झॅब या कार्यालयाकडून तुलनापत्र घ्यायचं. अनियंत्रित व्यवसायात मालकाला एवढं पुरतं. डॉक्टरला मात्र राज्याच्या यंत्रणेकडून अप्रोबात्सिओन हा परवाना घ्यावा लागतो आणि वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

भाषेच्या परीक्षेतही हाच घोटाळा होतो. स्थलांतरासाठी आयईएल्टीएसची जनरल परीक्षा दिलेली असते, आणि नोंदणी करणारी संस्था अ‍ॅकॅडेमिक मागते. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलला अ‍ॅकॅडेमिकमध्ये एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७ लागतात. एका भागात ६.५ आले तर बाकीचे कितीही चांगले असोत, पुन्हा परीक्षा. डॉक्टर-नर्सना ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा हा पर्याय बहुतेकदा सोपा जातो, कारण त्यातली पत्रं आणि संवाद रुग्णालयातलेच असतात. दोनदा परीक्षेचं शुल्क भरण्यापेक्षा आधी नोंदणी संस्थेचं पान उघडा आणि मग परीक्षा ठरवा.

इंजिनिअरांनी वॉशिंग्टन करार माहीत करून घ्यावा. १९८९ सालच्या या करारात सदस्य देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्या समतुल्य धरतात. भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला. पण देश सदस्य आहे एवढ्याने भागत नाही. तुमचा नेमका अभ्यासक्रम, तुमच्या कॉलेजातला, तुम्ही पास झालात त्या वर्षी मान्यताप्राप्त होता का, हे पाहिलं जातं. नसेल तर ऑस्ट्रेलियात इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे सीडीआर नावाचा अहवाल द्यावा लागतो: कामाचे तीन प्रसंग, प्रत्येकी १००० ते २५०० शब्दांत, शिवाय एक सारांश-तक्ता आणि व्यावसायिक शिक्षणाची यादी. हे प्रसंग प्रथमपुरुषी लिहायचे असतात. ‘टीमने डिझाइन केलं’ असं वाक्य तिथे शून्य किमतीचं. ‘तुळईचा छेद मी का बदलला, कोणता हिशेब केला, कोणाशी वाद झाला’ हे हवं असतं. तयार सीडीआर विकणारे भरपूर आहेत. मजकुराची चोरी तपासली जाते आणि पकडला गेल्यावर काही काळ पुन्हा अर्जच करता येत नाही, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

कागदांबद्दल एकच आग्रह: देश सोडण्याआधी गोळा करा. विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट बहुतेक मूल्यांकन संस्था तुमच्या हातून घेत नाहीत. विद्यापीठाने सीलबंद पाकिटात किंवा थेट ऑनलाइन पाठवावं लागतं, आणि ही विनंती दुरून करताना महिने जातात. नोकरीची पत्रं त्याहून अवघड. एचआरचं नेहमीचं ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामाला होते’ हे पत्र निरुपयोगी ठरतं. लागतं ते असं: लेटरहेड, पदनाम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार, पाच-सात वाक्यांत नेमकी कामं, आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन व कंपनीचा ईमेल. कंपनी असं पत्र देत नसेल तर जुन्या वरिष्ठांकडून शपथपत्र घ्यावं आणि सोबत पगारपत्रकं, नियुक्तिपत्र, कर भरल्याचे कागद जोडावेत. कंपनी बंद पडण्याचा धोका गृहीत धरा. बंद कंपनीचा एचआर शोधून सापडत नाही.

नावाकडेही लक्ष हवं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, जुन्या नोकरीच्या पत्रात मधलं नाव गायब, लग्नानंतर आडनाव बदललेलं, असं सर्रास असतं. आपल्याला ते एकच माणूस दिसतो; पडताळणाऱ्याला दोन दिसतात. ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून प्रत्येक संचाला जोडलं की बऱ्याच फेऱ्या वाचतात.

आता ज्यावर सगळ्यात कमी बोललं जातं तो भाग, म्हणजे तांत्रिक भाषा. इंग्रजी उत्तम असलेला माणूसही इंटरव्ह्यूत इथे अडखळतो, कारण व्यवसायाची एककं, संहिता (म्हणजे तांत्रिक नियमांचे कोड) आणि नावं देशागणिक बदलतात. काँक्रीटचंच घ्या. काही देशांत त्याची ताकद घनाकृती नमुन्यावर मोजतात, काही ठिकाणी दंडगोलावर, आणि त्याच काँक्रीटचा दंडगोलाचा आकडा साधारण ८० टक्केच येतो. युरोपातलं सी२५/३० हे नाव दोन्ही आकडे सांगतं: दंडगोलाचा २५ मेगापास्कल, घनाचा ३०. अमेरिकेत पीएसआय (चौरस इंचाला पौंड) चालतं, ४००० पीएसआय म्हणजे सुमारे २८ मेगापास्कल. घनाचा आकडा सवयीने दंडगोलाच्या सूत्रात घातला की डिझाइन कच्चं राहतं, आणि समोरचा अनुभवी इंजिनिअर ते लगेच ओळखतो. ड्रॉइंगमध्ये वस्तूच्या वेगवेगळ्या बाजू कागदावर मांडायला उत्तर अमेरिका थर्ड-अँगल प्रोजेक्शन वापरते, तर युरोपात फर्स्ट-अँगल रुळलेलं आहे. कोपऱ्यातलं चिन्ह न पाहता वाचलं तर डावी-उजवी बाजू उलटते.

रुग्णालयात पॅरासिटामॉलला अमेरिकेत असिटॅमिनोफेन म्हणतात, अ‍ॅड्रिनॅलिनला एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. रक्तशर्करा १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजणाऱ्या देशांत १०. भागायचं १८ ने. क्रिएटिनिनसाठी हाच आकडा ८८.४, आणि तिथे मिलिग्रॅमला गुणून मायक्रोमोल काढायचे. हे कागदावर सोपं वाटतं, पण रात्रपाळीत फोनवर आकडा ऐकून मेंदूने तो आपोआप बदलायला सराव लागतो. अकाउंटंटना आयएफआरएस (हिशेबाचे आंतरराष्ट्रीय नियम) आणि अमेरिकन गॅप (तिथले हिशेबाचे नियम) यांतले मोठे फरक तोंडपाठ हवेत. साठ्याचं लिफो मूल्यांकन (शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणं) अमेरिकेत चालतं, आयएफआरएसमध्ये नाही. मालमत्तेचं पुनर्मूल्यांकन वाढवून दाखवणं आयएफआरएसमध्ये चालतं, अमेरिकेत नाही.

आपल्या क्षेत्रातले असे तीस-चाळीस फरक एका वहीत लिहून काढा. स्थानिक संहितेचं नाव रेझ्युमेत घालायचं तर ती खरोखर वापरून एक नमुना हिशेब करून ठेवा. माझ्या दृष्टीने हा आठवडाभराचा अभ्यास वर्षभराच्या पदविकेपेक्षा जास्त काम करतो, कारण इंटरव्ह्यूत स्थानिक अनुभवाची उणीव तोच भरून काढतो.

पदनामांचंही तसंच. तुमचं ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ हे पद दुसरीकडे कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांसाठी वापरतात, आणि मग अर्ज हास्यास्पद दिसतो. योग्य नाव शोधण्यासाठी सरकारी व्यवसाय-वर्गीकरण फुकट मिळतं: कॅनडाचं एनओसी, अमेरिकेचं ओनेट, युरोपीय संघाचं एस्को. कामांची वर्णनं वाचत जा. तुमच्या रोजच्या कामाशी सत्तर-ऐंशी टक्के जुळणारं सापडलं की त्याचं नाव हेच तुमचं तिथलं पदनाम. त्या पानावरची क्रियापदं आणि अवजारांची नावं जाहिरातीतही दिसतात, तीच रेझ्युमेत यावीत. मूळ पद कंसात ठेवा, म्हणजे नंतर पडताळणीत कुणी खोटेपणा म्हणणार नाही.

रेझ्युमेचं थोडक्यात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म यांतलं काही घालू नका. जर्मनीत फोटोची सक्ती नाही, पण अजून बरेच जण लावतात. दोन रकाने, तक्ते, मजकुराच्या चौकटी टाळा, कारण अर्ज छाननीचं सॉफ्टवेअर त्यांतला मजकूर उलटसुलट वाचतं किंवा गाळतं. फोन नंबर हेडरमध्ये ठेवला तर तोही हरवू शकतो. लाख-कोटी सोडून मिलियन लिहा आणि रक्कम स्थानिक चलनात द्या. प्रत्येक जुन्या कंपनीखाली एक ओळ: काय बनवते, किती माणसं, ग्राहक कोण. ही ओळ जवळपास कुणी लिहीत नाही, आणि वाचणाऱ्याला तीच हवी असते. माथ्यावर स्थानिक फोन, शहर आणि ‘कामाचा पूर्ण परवाना आहे, स्पॉन्सरशिप लागणार नाही’ हे खरं असेल तर स्पष्ट लिहा. ते नसलं की वाचणारा सोयीचा अर्थ काढतो, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो.

रेफरन्स म्हणजे ज्याला फोन करता येतो असा माणूस. जुन्या देशातला साहेब चालतो, पण त्याला आधी सांगून ठेवा, वेळेचा फरक कळवा, आणि ईमेलवर उत्तर देण्याची तयारी आहे का ते विचारा. जर्मनीत नोकरी सोडताना मालक देतो त्या लेखी कार्यपत्राला फार महत्त्व आहे आणि त्याची स्वतःची सांकेतिक भाषा आहे: ‘नेहमीच आमच्या पूर्ण समाधानाला उतरले’ या अर्थाच्या वाक्यातला ‘नेहमी’ गळला तरी एक श्रेणी घसरते. तिथे नोकरी सोडताना ते पत्र जाणकाराला दाखवून घ्यावं.

ओळखींबद्दल लोक संकोचतात, त्यांना ती वशिलेबाजी वाटते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की ती खबर देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. वारंवार भेटणारे १६.७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. कारण सरळ आहे: जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुधा तुम्हालाही माहीत असतं. नव्या देशात आपल्याच गावभाषेच्या मंडळींचा गोतावळा घर शोधायला, शाळा शोधायला अमूल्य असतो, नोकरीच्या बाबतीत मात्र तो फिरून त्याच त्या चार कंपन्यांपाशी येतो.

म्हणून व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व घ्या (नवागतांसाठी सवलत असते का ते विचारा), त्यांच्या मासिक बैठकीला जा, आणि आपल्याच पदावर असलेल्या लोकांना पाच ओळींचा निरोप पाठवा. त्यात नोकरी मागू नका. वीस मिनिटं मागा आणि तीन प्रश्न ठेवा: तुमच्या टीममध्ये माणूस घेताना काय पाहता, माझ्या रेझ्युमेत काय कळत नाही, आणि यानंतर मी कोणाशी बोलू. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्याच्या मोलाचं असतं. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी आभाराच्या दोन ओळी, आणि महिन्याभराने काय बदल केला ते कळवणं. बऱ्याचदा हाच माणूस नंतर अर्ज आतून पुढे सरकवतो. टोरांटोतल्या ट्रिएकसारख्या संस्था अनुभवी स्थानिकाशी मेंटॉर म्हणून गाठ घालून देतात. तुमच्या शहरात असं काही असेल तर पहिल्याच महिन्यात नाव नोंदवा.

इंटरव्ह्यूत ‘एखादा प्रसंग सांगा, जेव्हा…’ असे प्रश्न येतात. परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलं, निकाल काय, या क्रमाने सहा-आठ प्रसंग दोन-दोन मिनिटांत बसवून ठेवा. आपल्याला ‘आम्ही’ म्हणायची सवय असते, ती इथे महागात पडते. ऐकणाऱ्याला तुम्ही नेमकं काय केलं तेच कळत नाही. साहेबाशी मतभेद झाल्याचा प्रसंग जरूर तयार ठेवा. ‘कधी मतभेद झालेच नाहीत’ हे उत्तर नम्रतेचं वाटत असलं तरी तिकडे ते लपवाछपवी म्हणून नोंदलं जातं.

तोवर घरभाडं भरायला मिळेल ते काम करावं लागतं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त पाळी संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची घ्या, म्हणजे कामाच्या दिवसांत सकाळी फोन उचलता येतो. घड्याळावर नजर ठेवा, कारण कागदांना मुदत असते. आयईएल्टीएसचा निकाल सहसा दोन वर्षं धरतात. ऑस्ट्रेलियात नर्सला नोंदणीसाठी गेल्या पाच वर्षांत ४५० तासांचं काम दाखवावं लागतं, म्हणजे दुकानात गेलेली वर्षं त्या हिशेबात नुसती वजाच होतात. आपल्याच क्षेत्रात एक पायरी खालची नोकरी मिळत असेल तर ती क्षेत्राबाहेरच्या जास्त पगारापेक्षा पत्करावी. दोन पायऱ्या खालची मात्र विचार करून. चार वर्षं ड्राफ्ट्समन राहिलेल्या डिझाइन इंजिनिअरला बाजार ड्राफ्ट्समनच समजू लागतो.

नोकरीसाठी पैसे मागणारा कुणीही असो, तिथेच थांबा. खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या करारातलं तत्त्व आहे, आणि बऱ्याच देशांत तसा कायदाही आहे. ब्रिटनमध्ये व्हिसा स्पॉन्सर करू शकणाऱ्या कंपन्यांची यादी सरकार जाहीर करतं. तिथे नाव नसेल तर ते ऑफर लेटर रद्दीतलं.

ऑफर आली की पगाराच्या आकड्यावर सगळी नजर जाते. त्यातला किती हातात येतो आणि पेन्शनचा वाटा वरून आहे की आतून, हे विचाराच. पण नव्याने आलेल्याने आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, करारातलं पदनाम आणि कामांची यादी तुमच्या व्यवसाय-वर्गीकरणाशी जुळते का. पुढे कायम वास्तव्यासाठी किंवा नव्या नोकरीसाठी हेच पत्र दाखवायचं असतं, आणि ‘समन्वयक’ असं गुळमुळीत नाव असेल तर केलेलं इंजिनिअरिंग मोजलं जात नाही. दुसरी, लायसन्स अजून मिळवायचं असेल तर वरचा माणूस स्वतः लायसन्सधारक आहे का. पुष्कळ ठिकाणी त्याच्याच देखरेखीखालचा आणि त्याच्याच सहीचा अनुभव धरतात. हे सही करण्याआधी विचारलं तर दुसरी टीम मिळू शकते. सहा महिन्यांनी तेच मागणं एचआरला कटकट वाटतं, आणि तोवरचे महिने लायसन्सच्या हिशेबातून गेलेले असतात.